ट्रे मी उघडे ठेवले होते

"हात मागे!"

लॅबमधलं एखादं मशीन अडलं की सर आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि मग आम्हाला हे सांगायचे. मशीनभोवती जमलेली मुलं तोवर काही ना काही दाबत असायची. कुणी सीडी ड्राइव्हचं बटण, कुणी रीसेट, कुणी नुसतीच कॅबिनेटवर थाप मारत असायचा. "हात मागे" म्हटलं की सगळे शाळेतल्या प्रार्थनेसारखे उभे राहायचे. मग सर पडद्याकडे मान वळवायचे. "आता वाचा. काय म्हणतंय ते?"

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. नाशिकमधल्या एका कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅबचे प्रमुख होते आणि मी तिथे नवा निदेशक म्हणून लागलो होतो. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आमच्या लॅबमध्ये विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. परवान्याचा खर्च नको म्हणून संस्थेने ते घ्यायला लावलं होतं, पण सरांनी ते असं आपलंसं केलं होतं की जणू त्यांनीच हट्ट धरून आणलं असावं.

मी घोटीचा. वडील भाताच्या गिरणीत कामाला. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि पदवी मिळाली तरी इंग्रजीची भीती तशीच होती. काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या ओळी धडाधड वर सरकायला लागल्या की मी नजर कीबोर्डकडे वळवायचो. सरांनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

"घोटीकर," ते म्हणाले. हे नाव त्यांनीच मला दिलं होतं. "ही इंग्रजी नाही. निरोप आहे. घरी कुणी निरोप घेऊन आलं तर तुम्ही त्याचं व्याकरण बघता का?"

"नाही सर."

"मग कोण आजारी आहे, कुठे आहे, एवढंच शोधा."

त्या दिवसापासून मी पडद्यावर फक्त तेवढंच शोधू लागलो. अमुक ड्राइव्ह, अमुक ठिकाणी वाचता आलं नाही. हळूहळू भीती गेली. इंग्रजी पुढे आलीच, पण ती नंतर.

सीडी ड्राइव्ह हा आमचा रोजचा रुग्ण होता. लिनक्समध्ये सीडी नुसती घालून चालत नसे. ती आधी 'माउंट' करायची, म्हणजे मशीनला सांगायचं की बाबा, पाहुणा आलाय, त्याला घरात घे. काम झालं की 'अनमाउंट' करायचं. तोवर ड्राइव्हचं बटण कितीही दाबा, ट्रे बाहेर येत नसे. मुलं वैतागायची, टाचणी घेऊन पुढच्या बारीक भोकात खुपसायची.

एकदा खुद्द सरांचीच सीडी निघेना. मशीन म्हणत होतं, ड्राइव्ह कामात आहे. सर हात मागे बांधून उभे राहिले. "आत कुणीतरी बसलंय. आधी त्याला बाहेर बोलवा." मग त्यांनी कोण बसलंय हे विचारणारी आज्ञा दिली. उत्तरात त्यांचंच नाव आलं. दुसऱ्या खिडकीत त्यांनी स्वतःच सीडीतली एक फाइल उघडून ठेवली होती. सर एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "मीच दारात उभा, आणि मीच विचारतोय दार का उघडत नाही!"

त्यांच्याजवळ एक सीडी होती, तिला ते 'साक्षीदार' म्हणत. ती नवी करकरीत, कुठेही ओरखडा नसलेली, सगळीकडे नीट चाललेली. ड्राइव्ह खराब की सीडी खराब असा वाद उभा राहिला की साक्षीदाराला बोलावलं जाई. साक्षीदार चालला तर दोष तुमच्या सीडीचा. नाही चालला तर ड्राइव्हचा. "एका वेळी एकच गोष्ट बदला," हे त्यांचं दुसरं वाक्य. केबल, ड्राइव्ह आणि सीडी तिन्ही एकदम बदलून कुणी "चाललं सर!" म्हणून ओरडला तर ते खूश व्हायचे नाहीत. "चाललं, पण बिघडलं कशाने? ते कळेपर्यंत दुरुस्त झालं म्हणू नका."

ही सवय ते घरीही घेऊन जायचे. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. कुकरची शिटी होईना. सर स्वयंपाकघरात जाऊन ओट्यासमोर हात मागे बांधून उभे. "कालपासून काय बदललं?"

वहिनी पीठ मळता मळता म्हणाल्या, "काल तुम्ही ओट्यापाशी नव्हता."

मी हसू दाबलं. सरांनी मात्र आधी शिटी तपासली, कुकर पुन्हा लावला, मग रिंग तपासली. आम्ही जेवलो बऱ्याच उशिरा. पण रिंगच गेली होती हे त्यांनी सिद्ध केलं.

आता मावशींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय सर पुरते कळणार नाहीत.

मावशी आमच्या लॅबची झाडलोट करायच्या. त्या हरसूलकडच्या. कित्येक वर्षं रोजंदारीवर. कॉलेजला सुट्टी लागली की त्यांचा पगार थांबायचा. त्या वर्षी मात्र त्यांना कायम करण्याचं प्रकरण संस्थेच्या कार्यालयात पोचलं होतं आणि दिवाळीनंतरच्या बैठकीत निर्णय होणार होता. मावशी रोज कुणाला तरी विचारायच्या, "व्हईल ना ओ माझं?" विचारताना त्यांचा हात फडक्यासकट थांबायचा.

मशीनवर त्यांचा जीव होता. कीबोर्डच्या फटीतली धूळ त्या जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायच्या. सर त्यांना म्हणायचे, "मावशी, तुम्ही पुसलेलं मशीन बिघडत नाही." हे खरं नव्हतं, पण मावशींना ते फार आवडायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये यंत्रपूजा असे. त्या वर्षी सरांनी ठरवलं की पूजेआधी सगळे सीडी ड्राइव्ह आतून पुसून घ्यायचे. कोपऱ्यात काचेची केबिन होती, तिथे सर्व्हर होता. तिथे बसून त्यांनी एक आज्ञा दिली आणि लॅबमधल्या सगळ्या मशीनचे ट्रे एकदम बाहेर आले. मी ते दृश्य विसरलो नाही. रांगेने सगळी मशीन हात पुढे करून उभी. फक्त शेवटच्या रांगेतलं, खिडकीजवळचं मशीन तसंच राहिलं. त्याच्या ट्रेची मोटर अशक्त होती, तो नेहमी टाचणीनेच काढावा लागे. सर त्याला 'आळशी' म्हणायचे.

आम्ही ट्रे पुसले. तेवढ्यात प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावणं पाठवलं, पूजेला पाहुणे कोण येणार वगैरे विचारायला. आम्ही परत आलो तोवर लॅब माणसांनी भरली होती. मॉनिटरना झेंडूच्या माळा, कीबोर्डवर हळदीकुंकू, सर्व्हरवर नारळ. आरती सुरू झाली. सर गर्दीतून वाट काढत केबिनमध्ये गेले. आरती संपता संपता त्यांनी हौसेने दुसरी आज्ञा दिली आणि सगळे ट्रे एकदम आत गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनीही वाजवल्या. सरांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर लॅब उघडली आणि दुखणी सुरू झाली.

एका मशीनने सीडी ओळखलीच नाही. दुसऱ्याने ओळखली, पण अर्ध्यावर इनपुट-आउटपुट एरर देऊन सोडून दिली. तिसऱ्यातून खुळखुळ्यासारखा आवाज येऊ लागला. चौथं सकाळी चाललं आणि दुपारी बंद पडलं. आणि आठवड्याभरात विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक येणार, नेटवर्क बंद राहणार, प्रत्येक मुलाला सीडी मिळणार आणि तिच्यातल्या फाइल्सवर काम करायचं. ड्राइव्ह चालले नाहीत तर परीक्षाच होणार नव्हती.

"एकदम सगळे कसे जातील?" मी म्हणालो. "सर, वीज कमीजास्त झाली असेल. नवेच ड्राइव्ह मागवू या."

"हात मागे, घोटीकर."

सरांनी साक्षीदार काढला. तो चार-पाच मशीनमध्ये फिरवला. कुठेच नीट चालला नाही. केबल बदलून पाहिली, वेग कमी करून पाहिला. काही फरक नाही. शेवटी त्यांनी तो आळशी मशीनमध्ये घालायचं ठरवलं. मी टाचणीने ट्रे काढला, साक्षीदार शर्टाला पुसून आत घातला. सीडी झटकन माउंट झाली. सगळ्या फाइल्स धडाधड वाचल्या गेल्या.

सर खुर्चीवर बसले. "जो कायमचा आजारी, तोच धडधाकट. म्हणजे बाकीच्यांनी असं काहीतरी केलंय जे यानं केलं नाही." त्यांनी आळशीच्या बंद ट्रेवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाले, "दसऱ्याच्या पूजेला हा बाहेर आला नव्हता."

एक ड्राइव्ह काढून आम्ही वर्तमानपत्रावर ठेवला. सरांनी स्क्रू सोडवले, वरचा पत्रा उचलला. आत पिवळी पूड पसरली होती. मध्ये वाटाण्याएवढी काचेची लेन्स असते, तिच्यावर कुंकवाचा लालसर पापुद्रा. ट्रे सरकवणाऱ्या चाकांच्या दात्यांमध्ये तांदळाचे दाणे अडकलेले. अक्षता.

"सर, हे तर..."

"हं."

तुम्ही म्हणाल, सुट्टीनंतर ट्रे उघडताना कुणालाच कसं दिसलं नाही? दिसलं होतं. मी मुलांना विचारलं तर एकजण सहज म्हणाला, "हो सर, हळदीकुंकू होतं ना ट्रेमध्ये. नमस्कार केला, फुंकर मारली न् सीडी घातली." दसऱ्यानंतर आपल्याकडे काय हळदीकुंकवाशिवाय असतं? कपाटाला असतं, स्कूटरला असतं, शिवणयंत्राला असतं. सगळीकडेच असल्यामुळे त्याबद्दल सांगावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मावशी जिना झाडत होत्या. सरांनी त्यांना बोलावलं आणि खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"मावशी, त्या दिवशी पूजा छान झाली हो. मशीनला हळदीकुंकू तुम्हीच वाहिलंत?"

"मीच की!" मावशींचा चेहरा उजळला. "तुम्ही दोघं हाफिसात गेले, आन् मी ताट घेऊन आले तं सगळ्या मशिनींनी हात पुढं केलेला. म्या म्हनलं, देवाच्या दिवशी हात पुढं केलाय, रिकामा कसा ठिवायचा? येकेकाच्या हातावर चिमूट चिमूट ठिवली. त्यो खिडकीतला तेवढा रुसला व्हता. त्याच्या डोक्यावर वाहिलं." मग त्या एकदम थांबल्या. "का ओ? काय चुकलं का माझं?"

मी सरांकडे पाहिलं. या माणसाने उभ्या आयुष्यात बिघाडाचं कारण कधी लपवलं नव्हतं.

"नाही मावशी," सर म्हणाले. "नुसतं विचारलं. माझं एक काम कराल? मला वाती वळून हव्यात. समईच्या, लांब. भरपूर."

"देते की. दिवाळीला का?"

सर सुटे स्क्रू गोळा करू लागले. मावशींनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

पुढचे दिवस आम्ही दोघं रिकाम्या वर्गात बसून एकेक ड्राइव्ह उघडत होतो. मावशी दाराबाहेर, आमच्याकडे पाठ करून, मांडीवर वाती वळत होत्या. सर एक एक वात घ्यायचे, स्पिरिटमध्ये बुडवायचे आणि लेन्सवरून अशी फिरवायचे की जणू तान्ह्या बाळाचा डोळा पुसतायत. सुटा कापूस वापरला की तंतू मागे राहतात. मावशींच्या वातीतून एक तंतू सुटत नव्हता. काही ड्राइव्ह काही केल्या जिवंत झाले नाहीत. पण बरेच झाले.

"सर, त्यांना कळलेलं बरं," मी एकदा आवाज खाली करून म्हणालो. "सांगून टाकू. पुन्हा करणार नाहीत."

"सांगितलं तर ती उठून थेट प्राचार्यांकडे जाईल. 'माझ्या हातून झालं' म्हणेल. तुम्ही ओळखता तिला." त्यांनी नवी वात उचलली. "आणि कार्यालयात तिचा कागद पडलेला आहे."

प्राचार्यांनी आम्हाला बोलावलंच. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण परीक्षेच्या धास्तीने त्यांचा तोल गेला होता. मेलेले ड्राइव्ह टेबलावर मांडले होते. शेजारी कार्यालयाचे हेडक्लार्क उभे होते.

"कारण काय?" प्राचार्यांनी विचारलं.

"लेन्सवर कचरा गेला," सर म्हणाले.

"कचरा कसला, हळद आहे ही! मला दिसते की." त्यांनी बोट पुढे केलं, ते पिवळं झालं होतं. "कुणाचा उद्योग?"

हेडक्लार्क म्हणाले, "साहेब, पूजेचं ताट त्या बाईंकडेच होतं. ज्यांचं कायमचं प्रकरण चालू आहे त्या."

"लिहा नाव," प्राचार्य म्हणाले. "बैठकीत ठेवतो मी."

"माझं लिहा," सर म्हणाले.

"अहो, तुम्ही काय चिमटीने हळद घातलीत आत?"

"ट्रे मी उघडे ठेवले होते. आणि आत काय आहे ते न बघता मीच बंद केले." सरांचा आवाज रोजच्यासारखाच होता. मुलांना समजावताना असतो तसा. "ट्रे उघडा राहिला तर त्यात काहीही पडेल. धूळ पडेल, खडू पडेल. त्या दिवशी हळद पडली. मशीन माझ्या ताब्यात होती."

"म्हणजे लेखी देणार तुम्ही?"

"देतो."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं तर कुणाचं तरी नुकसान होणार हे मला दिसत होतं, आणि सरांनी एकदाच माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, हे पूर्ण खरं नाही."

"त्यातलं खोटं वाक्य दाखवा," ते म्हणाले. मला दाखवता आलं नाही. अजूनही येत नाही.

परीक्षा झाली. जेवढे ड्राइव्ह चालत होते तेवढ्यांवर मुलांच्या तुकड्या पाडून, संध्याकाळपर्यंत ताणून, पण झाली. आळशी मशीन सगळ्यात जास्त राबलं.

सरांनी मावशींना एवढंच सांगितलं की पुढच्या वर्षीपासून पूजा टेबलावर करायची, मशीनला हात लावायचा नाही. ते जरा कोरडेपणाने सांगितलं, कारण हसून सांगितलं असतं तर मावशींनी कारण विचारलं असतं. मावशींना ते लागलं. माझ्यापाशी म्हणाल्या, "सर चांगले हायेत, पन देवाधर्माचं काय मानत नाय."

त्या वर्षी मावशी कायम झाल्या. संस्थेची गती संस्थेसारखी, त्यामुळे आदेश हातात यायला उन्हाळा उजाडला. त्याच उन्हाळ्यात सरांना कळवलं गेलं की लॅबप्रमुखाच्या त्यांच्या कराराचं नूतनीकरण होणार नाही. आमच्यापैकी कुणी कायम नव्हतं. सरांनाही दरवर्षी नवा करार मिळे. कागदावर कारण दिलेलं नव्हतं. त्यांनी येवल्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बोलून ठेवलं. रोज एसटीने जाणार होते. "पैठणीवाल्यांची पोरं आता कॉम्प्युटरवर नक्षी काढायला शिकतायत," मला उत्साहाने सांगत होते. मावशींना मात्र त्यांनी काहीच सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांची पुस्तकं पिशवीत भरत होतो. मावशी आल्या. पदराआडून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आदेश काढला.

"सर, हाफिसातल्यानं वाचून दाखवला, पन त्यो लय घाईनं वाचतो. तुम्ही वाचा. काय ऱ्हायलं असंल तं तुम्हाला घावंल."

सर खुर्चीवर नीट बसले. चष्मा पुसला. आणि तो आदेश त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचला. जावक क्रमांक, संदर्भ, विषय, सगळं. इंग्रजी शब्द आला की थांबून मराठीत सांगायचे. खालची सही कुणाची, शिक्का कसला, तेही सांगितलं. मावशी हात जोडून ऐकत होत्या.

"म्हंजी आता मला कुनी काढू शकत नाय?"

"नाही."

"नक्की?"

"थांबा," सर म्हणाले, आणि त्यांनी तो परत एकदा वाचला. तितक्याच सावकाश. मी पिशवीत तोंड घालून उभा होतो.

"नक्की," ते म्हणाले. "कुठेही चूक नाही."

मावशींनी कागदाची आधीच्याच घडीवर घडी घातली. "आता पयला पगार झाला का पयले पेढे तुम्हाला. तुम्हीच म्हनले व्हते ना, मी पुसलेलं मशीन बिघडत नाय? हाफिसात तेच सांगितलं असंल तुम्ही, म्हनून झालं."

"असेल," सर म्हणाले. मग त्यांनी आपल्याकडची लॅबची किल्ली त्यांच्यापुढे धरली. "ही तुमच्याकडे ठेवा. कायमच्या माणसाकडे किल्ली असावी."

"उद्या लवकर उघडू का मंग? तुम्ही येता तवा?"

"तुमच्या वेळेला उघडा, मावशी. घाई नाही."

ते पिशवी घेऊन निघाले. मी फाटकापर्यंत गेलो. त्यांनी पुढे येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये पोचलो तेव्हा मावशी येऊन गेल्या होत्या. फरशी अजून ओली होती. खिडक्या उघडलेल्या होत्या. केबिनमध्ये सरांची खुर्ची टेबलाशी सरळ लावलेली होती, आणि टेबलावर पाण्याचा पेला भरून, झाकण ठेवून, त्यांची वाट बघत होता.